रोग गोठ्यात येतो कोणाच्या पायाने? (गोठ्याची स्वच्छता आणि रोगप्रतिबंध)

माळशिरसचा_गोठा

राम राम मंडळी.

आमच्या भागात लाळ्या-खुरकूत, म्हणजे गुरांच्या तोंडाला-खुरांना फोड आणणारा रोग, पुन्हा फिरतोय. सकाळी दूध घालायला गेलं की संकलन केंद्रावर दुसरा विषय नाही. अमक्याची गाय दुधाला तुटली, तमक्याचं वासरू रात्रीत गेलं. मग बोलणं वळतं औषधांकडे. कुठल्या डॉक्टरचं इंजेक्शन लागू पडलं, बाटली कितीला मिळाली, तोंडाला लोणी-हळद लावायची की बोरोग्लिसरीन. पण रोग त्या दावणीपर्यंत पोचला कसा, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक रोग आपल्या गोठ्यात आपणच फाटक उघडून आत घेतो, आणि ते फाटक सांभाळायला उपचाराच्या मानाने काहीच खर्च येत नाही.

आपल्या गोठ्यात कोण कोण येतं ते एकदा वहीत लिहून काढा. दुधाची गाडी, डॉक्टर, कृत्रिम रेतन करणारा, खाद्याचा टेम्पो, मुरघासाच्या वेळी कुट्टीचं मशीन, शेणखत भरायला ट्रॅक्टर, खुरं साळणारा, पाहुणेरावळे, शेजारच्या वस्तीवरची कुत्री. यातली बरीचशी मंडळी आपल्याकडे येण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी गोठ्यातून आलेली असतात.

व्यापारी गाय बघायला येतो तेव्हा नीट लक्ष द्या. बाजारातल्याच चपला, तीच काठी. आल्या आल्या तो गाईचा जबडा उघडून दात बघतो. तेच हात कासेला लावून चारही सड पिळून पाहतो. ते झालं की शेजारच्या गाईच्या पाठीवर थाप मारतो. त्या दिवशी सकाळपासून त्याने अशी किती तोंडं उघडली असतील? आणि लाळ्या-खुरकूतचा विषाणू तर लाळेतच असतो. दुधात, शेणामुतात, श्वासातही असतो. दुधातून तर तो लक्षणं दिसायच्या आधीपासून बाहेर पडायला लागतो. म्हणजे वरून धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या दुधाची किटलीसुद्धा रोग घेऊन फिरू शकते.

आमच्या फाटकापाशी वेगवेगळ्या मापांचे गमबूट ठेवलेत. आत यायचं तर आपल्या चपला बाहेर आणि आमचे बूट पायात. बाजूला नळ, कपडे धुवायचा ब्रश आणि साबण. रेतन करणारे सुरुवातीला कुरकुरायचे, आता स्वतःहून बूट मागतात. किटल्या आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवतो, गाडी आत येत नाही. परत आलेली किटली धुतल्याशिवाय आत जात नाही. दुसऱ्याच्या गोठ्यातलं बारदान, दावं, वेसण आम्ही घेत नाही, फुकट दिलं तरी नाही.

विकत आणलेलं जनावर थेट दावणीला बांधायचं नाही, ही आमच्याकडची सगळ्यात कडक शिस्त. लोणी, काष्टी, सांगोला, कुठल्याही बाजारातून आणा, नाहीतर ओळखीच्या गोठ्यातून आणा, महिनाभर ते लांबच्या शेडमध्ये. गव्हाण, बादली, दावं, खराटा सगळं वेगळं. त्याचं काम दिवसात सगळ्यात शेवटी. लाळ्या-खुरकूत अंगात शिरल्यापासून साधारण दोन ते चौदा दिवसांत दिसतो, लम्पीला, म्हणजे अंगावर गाठी येणाऱ्या रोगाला, कधी चार आठवडेही लागतात. आठवडाभर वेगळं बांधून 'काही नाही, चांगली आहे' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा हिशेब डोक्यात ठेवावा.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? फाटकाशी औषधाचं पाणी ठेवता का? कुठलं, आणि त्याचा खरंच उपयोग होतो का? शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यावाल्यांनीही लिहा.

---

निवृत्त_पशुवैद्य

माळशिरसचे, धागा वेळेवर काढलात. पशुधन विकास अधिकारी म्हणून माझी नोकरी बरीचशी सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत झाली. औषधाच्या पाण्याबद्दल विचारलंत, आधी तेच सांगतो.

बहुतेक गोठ्यांच्या दारात मला जे दिसायचं ते असं: सिमेंटचा उथळ हौद, त्यात गढूळ हिरवट पाणी, वर शेणाची साय. कधीतरी त्यात फिनेल ओतलेलं. त्यात पाय बुडवला काय आणि न बुडवला काय. जवळजवळ कुठल्याही जंतुनाशकाची ताकद शेण, माती आणि दूध खाऊन टाकतात. त्यामुळे पायधुणी ठेवायचीच असेल तर दोन घमेली ठेवा. पहिल्यात साधं पाणी आणि ब्रश, बुटाचा तळ घासून घ्यायला. दुसऱ्यात औषध. दुसरं घमेलं रोज बदलायचं, पावसाचं पाणी शिरलं किंवा शेण पडलं तर लगेच. हे जमणार नसेल तर तुम्ही करता तेच बरं, आपले बूट द्या. त्यात चुकायला जागा कमी.

लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला जास्त आम्लही सोसत नाही आणि जास्त अल्कलीही. त्यामुळे महागडं काही लागत नाही. धुण्याचा सोडा, खायचा नव्हे, ४ टक्के. म्हणजे दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. गाडीची चाकं, हौदाच्या कडा, गव्हाणी, पायवाट, सगळ्याला चालतो. लम्पीच्या विषाणूला २-३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट चालतं. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर डबा उघडा ठेवू नका, क्लोरीन उडून जातो आणि उरते ती नुसती पांढरी भुकटी. आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड, फॉर्मालिन असलं काही मिसळू नका. बंद गोठ्यात त्या वाफेने माणूस गुदमरतो.

गोठा धुण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शेण आणि चारा कोरडाच काढायचा. मग साबणाच्या पाण्याने घासायचं. मग वाळू द्यायचं. मग औषध मारून ते दहा-पंधरा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं, आणि पुन्हा वाळवायचं. लोक मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून एकदम फवारणी पंप पाठीला लावतात. ऊन आणि कोरडेपणा फुकट मिळतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. छपराची उगवतीची बाजू उघडी ठेवून सकाळचं ऊन गव्हाणीपर्यंत आत घेतलंत तर निम्मं काम तिथेच झालं.

लसीबद्दल वेगळं लिहितो, इथे फार लांबेल.

---

कोयनाकाठची

धागा वाचून चांगलं वाटलं, पण एक विचारते. आमच्यासारख्यांनी काय करायचं? घराला लागूनच गोठा, दोन गाई आणि एक रेडकू. फाटक नाही, कुंपण नाही. वाटेने जाणारा दारात बसून चहा घेतो आणि गाईच्या पाठीवर हात फिरवून जातो. त्याला गमबूट घाल म्हटलं तर उद्यापासून बोलायचा नाही.

---

निवृत्त_पशुवैद्य

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण महाराष्ट्रातले बहुतेक गोठे तुमच्याच सारखे आहेत.

तुम्ही माणसांना अडवू नका, चपला अडवा. गोठ्यात वापरायच्या चपला वेगळ्या ठेवा आणि त्या गोठ्याबाहेर नेऊ नका. घरातली सगळी माणसं, पोरंसुद्धा, त्याच घालतील. पाहुण्याला अंगणात बसवा, चहा द्या, गाय लांबूनही दिसते. साथ चालू असेल तर उंबऱ्यापाशी एक आडवा बांबू टाका. गावाकडे बांबू आडवा दिसला की माणूस विचारतो, आणि विचारलं की सांगता येतं.

दुसरं म्हणजे सार्वजनिक हाळ. साथीच्या दिवसांत गाईंना गावच्या हाळावर पाणी पाजायला नेऊ नका, घरी बादलीने पाजा. सामायिक गायरानातलं चरणंही तेवढे दिवस बंद. यात पैसा लागत नाही, फक्त हंड्याच्या चार खेपा वाढतात. उकिरडा दारातच असेल तर तो लांब हलवा. घरमाशीचा अंडी ते माशी हा फेरा गरमीत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. त्याच्या आत शेण उचलून लांब टाकलं, खतावर झाकण घातलं, तर माशा वाढत नाहीत.

---

कोयनाकाठची

बांबूचं पटलं. हाळाचंही खरं आहे, आमच्याकडे लम्पी आला तेव्हा सगळ्या वाडीची गुरं एकाच हाळावर होती.

---

बारामती_डेअरी

सगळे साथीवर बोलताहेत, म्हणून मी कासदाहावर लिहितो. आमच्याकडे त्याला दगडी म्हणतात. साथ कधीतरी येते, पण दगडी बारमाही असते, आणि दूध धंद्यातला मोठा खड्डा तिनेच पडतो. सड सुजला, दुधात गाठी आल्या, रक्त आलं, तर कोणालाही कळतं. पण त्याच्या कितीतरी पट गाईंच्या कासेत जंतू असतात, दूध नुसतं थोडं कमी येतं, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) खाली-वर होतं आणि मालकाला वाटतं खाद्याचा फरक आहे.

घरच्या घरी करता येणारी एक तपासणी सांगतो. अर्धा लिटर पाण्यात साधारण पंधरा ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवायची. चार वाट्या घ्यायच्या, प्रत्येक वाटीत एकेका सडाचं थोडं दूध. तेवढंच पावडरचं पाणी त्यात घालायचं आणि वाटी गोल फिरवायची. दूध पातळच राहिलं तर ठीक. शेंबडासारखं घट्ट झालं, वाटीच्या तळाला चिकटून एकत्र सरकायला लागलं, तर त्या सडात दोष आहे. मग डॉक्टरांना बोलवा. दवाखान्यात यासाठी तयार द्रावण मिळतं, पण महिन्याला सगळ्या गाई तपासायच्या तर हे परवडतं.

धार काढतानाची शिस्त. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा गाळणीच्या कपात काढायच्या, जमिनीवर कधीच नाही. सड धुतले तर पुसायचे, आणि प्रत्येक गाईला वेगळा कपडा किंवा कागद. एकच ओलं फडकं सगळ्या गोठ्याला फिरवणं म्हणजे एकीची दगडी दुसरीला लावणं. आम्ही मशीनवर असलो तरी हाताला मोजे घालतो. पहिलारू कालवडी आधी, मग निरोगी गाई, दगडी असलेली सगळ्यात शेवटी आणि तिचं दूध वेगळ्या बादलीत. धार झाली की चारही सड आयोडीनच्या कपात बुडवायचे. मग गाईला अर्धा तास तरी बसू द्यायचं नाही, कारण धारेनंतर सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. त्यासाठी धार झाली की लगेच गव्हाणीत वैरण टाका. गाय उभी राहून खाते, तिला हाकत बसावं लागत नाही.

आटवताना, म्हणजे विण्याआधी गाईचं दूध बंद करताना, चारही सडांत औषधाच्या नळ्या सोडायच्या की नाही, ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि कुठलंही प्रतिजैविक दिल्यावर जितके दिवस दूध वापरू नका असं लिहिलेलं असतं, तितके दिवस ते संकलनाला घालू नका. ते लहान पोरांच्या पोटात जातं.

---

माळशिरसचा_गोठा

बारामतीकर, वैरणीची युक्ती आम्हीही करतो, फार उपयोगी आहे. एक भर घालतो. मुक्त गोठ्यात गाई जिथे बसतात ती माती कोरडी हवी. पावसाळ्यात आम्ही तिथली ओली माती काढून चुन्याची फक्की मारतो, वर भुसा. फक्की मारल्या मारल्या गाईला त्यावर बसू द्यायचं नाही, कासेचं कातडं भाजतं.

डॉक्टरसाहेब, लसीचं राहिलं.

---

निवृत्त_पशुवैद्य

लिहितो.

लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी. केंद्राचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे, त्यात ही लस आणि सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस फुकट टोचतात. कानात बारा आकडी बिल्ला असतो, त्यावर नोंद होते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. लम्पीला आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस वापरतात. संकरित गाईंना गोचीडतापाचा, थायलेरियाचा, त्रास जास्त होतो, त्याचीही लस आहे, ती डॉक्टरांना विचारून वासरांना द्यावी.

लोक लस नाकारतात, कारण दोन दिवस दूध घटतं. घटतं, खरं आहे, पण ते पुन्हा वर येतं. लाळ्या झालेली गाय मात्र त्या वेतात पूर्वीच्या दुधावर क्वचितच येते. उन्हात धापा टाकते, उलटायला लागते म्हणजे भरवूनही गाभ धरत नाही, आणि लहान वासरांच्या तर हृदयावर जातो. वासरू पिता पिता कोसळतं ते त्यामुळे. बाधित गाईचं कच्चं दूध म्हणूनच वासराला पाजू नका, उकळून द्या.

आता लस चुकते कुठे. बाटली दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. मोटारसायकलच्या डिकीतून दुपारी आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागा, हा तुमचा हक्क आहे. टोचल्यावर ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून शेजारी साथ आल्यावर केलेली धावपळ बऱ्याचदा उशिरा ठरते. आणि टोचणारा माणूस स्वतःच गोठ्या-गोठ्यांतून फिरत असतो. त्याने आधी निरोगी गोठे करावेत, आजारी गोठे सगळ्यात शेवटी. तुम्हीही त्याला हात-पाय धुवायला पाणी पुढे करा.

बुळकांडी बघितलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. गावंच्या गावं गुरांवाचून ओस पाडणारा रोग होता तो. भारतातली त्याची शेवटची नोंद १९९५ सालची, आणि २०११ मध्ये तो जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसांतल्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. लस चांगली होती हे खरं, पण लोकांनी बातमी दडवली नाही आणि साथीच्या गावातून गुरं बाहेर काढली नाहीत, म्हणून ते जमलं. लाळ्याचंही असं होऊ शकतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

---

आटपाडीकर

ब्रुसेलाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. माझ्या थोरल्या भावाला ताप यायचा आणि जायचा. रात्री घामाने अंथरूण भिजायचं, कंबर आणि गुडघे धरायचे. टायफॉइड झाला, मलेरिया झाला, सगळ्यांचे उपचार झाले, काही उपयोग नाही. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, घरी गुरं आहेत का, कोणती गाय गाभडली का, म्हणजे तिचा गर्भ पडला का? गाभडली होती. सातव्या महिन्यात. आणि अडकलेला जार (वार) भावानेच उघड्या हाताने ओढून काढला होता. रक्त तपासलं तर ब्रुसेला. औषधाचा लांबलचक कोर्स करून बरा झाला.

गाय गाभडली की घरातला कोणीतरी हात घालतोच, आणि ते वासरू, जार उकिरड्यावर फेकतो, कुत्री ओढून गावभर नेतात. कृपा करून असं करू नका. हातात मोजे घाला, खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा, आणि ती जागा धुऊन काढा. घरात गरोदर बाई असेल तर तिने तिकडे फिरकायचंही नाही. कच्चं दूध पिणं बंद.

---

निवृत्त_पशुवैद्य

आटपाडीकर, भाऊ बरे झाले हे फार चांगलं झालं. सगळ्यांसाठी जोड देतो: ब्रुसेलाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. ही लस जिवंत जंतूंची आहे, गाभण गाईला देत नाहीत आणि टोचणाऱ्यानेही मोजे-चष्मा घालायचा असतो. वासरी नऊ महिन्यांची झाली की संधी गेली. म्हणून जन्मतारखा वहीत लिहून ठेवा. गाय विकत घेताना ब्रुसेलासाठी रक्त तपासून घ्या, विकणारा नाही म्हणाला तर सौदा सोडा.

---

माणदेशी_मेंढरं

आमचं फाटकच नसतं. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली निघायचं, कोणाच्या शेतात बसवायची, कोणाच्या बांधाला चारायची. वाटेत दुसऱ्यांचे कळप भेटतात, एकाच ओढ्यावर पाणी. म्हणून आमचं सगळं निघायच्या आधी उरकलेलं असावं लागतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीची, लस एकदा दिली की तीन वर्षं पुरते, आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची) पावसाळ्याच्या आधी. जंताचं औषध लसीच्या दहा-पंधरा दिवस आधी दिलं तर लस नीट बसते. वाटेत एखादं मेंढरू मागे राहायला लागलं, नाकाडोळ्यातून पाणी, तोंडात फोड, पातळ हगवण, की ते कळपातून बाजूला काढायचं. घोड्यावर किंवा गाडीत.

एक मात्र जिवावरची गोष्ट आहे. मेंढरू उभ्या उभ्या पडून मेलं, नाकातून-गुदातून काळसर रक्त आलं आणि ते गोठत नाही, तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. ते मेंढरू सोलायचं नाही, कापायचं नाही, खायचं तर मुळीच नाही. माणसाला त्यातून काळपुळी होते. आमच्यातली जुनी माणसं म्हणायची 'वाया कशाला घालवायचं'. मी सगळ्यांना सांगतो, जाऊ द्या वाया.

---

निवृत्त_पशुवैद्य

माणदेशी दादांनी लाखमोलाचं सांगितलं. कारणही सांगतो. फाशीचा जंतू मेलेल्या जनावराच्या बंद अंगात तग धरत नाही, पण कापून त्याला हवा लागली की तो बीजरूप धरतो, आणि ते बीज मातीत दशकानुदशकं टिकतं. पशुवैद्यसुद्धा अशा जनावराचं शवविच्छेदन करत नाहीत. पुरुषभर खोल खड्डा, खाली-वर चुना, विहीर-ओढ्यापासून लांब, आणि वर काटेरी झुडपं म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

---

नवापूरजवळचा

पोल्ट्रीतून लिहितो. आमच्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू निघाला, भारतातली ती पहिली नोंद. लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा आला. त्यामुळे इथली पोरंसुद्धा 'बायोसिक्युरिटी' म्हणायला शिकली आहेत.

आमच्याकडचा एक नियम गाईवाल्यांनी उचलावा असा आहे. एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी, सगळे एकदम येतात, सगळे एकदम जातात. मग शेड रिकामी. जुनं तूस पूर्ण बाहेर, जाळ्या आणि पंखे घासून, पाण्याच्या पाइपलाइनमधला चिकट थर काढून, चुना मारून दोन आठवडे तरी शेड मोकळी सोडायची. एवढी विश्रांती दिली की पुढच्या बॅचला राणीखेत, गम्बोरो या कोंबड्यांच्या रोगांचं ओझं कमी होतं. लस असतेच, राणीखेतची सातव्या दिवशी, गम्बोरोची चौदाव्या दिवसाच्या आसपास, पण घाणेरड्या शेडमध्ये लसही हरते.

गाईचा गोठा असा रिकामा करता येत नाही, मला माहीत आहे. पण वासरांचे कप्पे करता येतात. एक वासरू गेलं की त्या कप्प्यात लगेच दुसरं बांधू नका, धुऊन उन्हात मोकळा सोडा.

आमची सगळ्यात मोठी भीती म्हणजे पक्षी न्यायला येणारी गाडी आणि तिचे क्रेट. त्या सगळा जिल्हा फिरून येतात. चाकं आणि क्रेट धुतल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, मग ड्रायव्हर कितीही ओरडो. आणि शेडवर काम करणाऱ्याने घरी कोंबड्या पाळायच्या नाहीत.

---

तिलारीकाठ

दोडामार्गातून. आमच्याकडे गोचिडीचा प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळा आहे म्हणून सांगतो. २०१६ पासून इथे माकडताप आहे, त्याच्या आधी पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात आला. माकडं मरतात, मग काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, माणसं तापाने पडतात. हा रोग रानातल्या गोचिडी पसरवतात. गुरांना काही होत नाही, पण रानात चरून येताना ती गोचिडी घरापर्यंत आणतात. आणि आमच्या बायका गोठ्यात अंथरायला रानातून पातेरा (पालापाचोळा) गोळा करून आणतात, त्यातूनही येतात.

आता आम्ही हंगामात पातेरा आणत नाही, भाताचं पिंजार अंथरतो. रानात जाताना हातापायांना गोचिडी लांब ठेवणारं डीएमपी तेल लावायचं, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे. गुरांना संध्याकाळी गोठ्याबाहेरच थांबवून कान, शेपटीखाली आणि कास तपासायची. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

गोचिडी हाताने चिरडू नका, हे सगळीकडच्यांना लागू. आणि फक्त गुरांवर औषध लावून भागत नाही. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालते. भेगा लिंपा.

---

माळशिरसचा_गोठा

तिलारीकाठ, हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. भेगांसाठी आम्ही गाई बाहेर काढून दगडी भिंतींवर गॅसचा बर्नर फिरवतो. चारा आणि छप्पर जपून.

---

अकोलेकर_डांगी

एक शंका. आमच्या डांगी गुरांना लम्पी आला तेव्हा कोणी विड्याची पानं, मिरी, मीठ वाटून चारलं, कोणी कडुनिंबाचा धूर केला. आमची बरीच गुरं वाचली. मग त्याचा उपयोग झाला म्हणायचं की नाही? आणि लम्पी झालेल्या गाईचं दूध माणसाला चालतं का?

---

निवृत्त_पशुवैद्य

लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही.

धुराने माशा-डास लांब राहतात, आणि हा रोग चावणाऱ्या माशा, डास, गोचिडी यांच्यातून पसरतो. त्यामुळे संध्याकाळचा धूर जरूर करा, पण गुरांच्या डोळ्यांना झोंबेल इतका कोंडू नका. पानांच्या वाटणाने गाय चार घास जास्त खात असेल तर तेही चांगलं. पण वाचलेल्या गुरांचं श्रेय एकट्या त्याला देऊ नका. देशी गुरं संकरितांपेक्षा हा रोग बऱ्यापैकी सोसतात. लस टाळून फक्त वाटणावर राहिलेले गोठे मी पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

गाठी फुटून पडलेल्या खपल्यांमध्ये विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो. त्या झाडून गोळा करून जाळा. जखमेत अळ्या पडू देऊ नका.

---

कोयनाकाठची

आणखी एक विचारते. शेजाऱ्याची गाय आजारी पडली तर तो सांगतच नाही. लोक दूध घ्यायचे बंद होतील, बाजारात नेता येणार नाही, ही भीती. आम्हाला कळतं तेव्हा आमचीही लाळ गाळत असते. यावर काय करायचं?

---

निवृत्त_पशुवैद्य

ताई, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याने अशा रोगांची खबर ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला देणं मालकावर बंधनकारक आहे. पण गावात कायद्याची भाषा करून कोणी बोलतं होत नाही. त्याला त्याचा फायदा दाखवा. २०२२ मध्ये लम्पीत राज्याने दुधाळ गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले, पण पंचनामा झाला होता त्यांनाच. ज्यांनी गुपचूप पुरली त्यांच्या हाती काही लागलं नाही. शिवाय लवकर कळवलं की त्याच्या गाईलाही लवकर उपचार मिळतात. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ वर फोन करता येतो.

---

माळशिरसचा_गोठा

आम्ही वस्तीवर असं ठरवलंय: ज्याची गाय आजारी, त्याने स्वतः संकलनावर यायचं नाही. त्याच्या निरोगी गाईंचं दूधसुद्धा तेवढे दिवस डेअरीवाल्यांशी बोलून वेगळं ठेवायचं, आणि त्याला वैरण, औषध आम्ही बाकीच्यांनी फाटकापर्यंत पोचवायची. असं केलं तर माणूस लपवत नाही, कारण लपवून त्याला काही मिळत नाही. सोमवारी ग्रामपंचायतीत हा विषय घेतोय. साथ ओसरेपर्यंत गावातला गुरांचा बाजार बंद ठेवायचा ठराव करायचा आहे. कोणाच्या गावात असा ठराव झाला असेल तर त्याचा मसुदा इथे टाका.

---

आटपाडीकर

आमच्याकडे लम्पीच्या वेळचा आहे. ग्रामसेवकांकडून घेऊन उद्या टाकतो.